विरंगुळा केंद्राचा रिव्ह्यू: चार स्टार देतेय, पाचवा राखून ठेवलाय

बाबा आता बरेच महिने ज्येष्ठ नागरिकांच्या या केंद्रात जातायत, त्यामुळे लिहायला हरकत नाही. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण तक्रारी आहेत त्या मी त्यांच्या ऑफिसात तोंडावर सांगितल्यात, इथे कोणाची बदनामी करायची नाही. आपल्या आईवडिलांसाठी असं केंद्र शोधताय त्यांना नेमकं काय बघायचं एवढं कळलं तरी पुरे.

पहिली गोष्ट, हॉल बघून भुलू नका. आधी आम्ही ज्या दुसऱ्या केंद्रात नाव घातलं होतं तिथे एसी, भिंतभर टीव्ही, कॅरम, वाढदिवसांचे फोटो, सगळं झकास होतं. पण बाबा आजारी पडून घरी बसले तर तिथून साधा एक फोन नाही, आणि परत गेले तेव्हा विचारलं काय तर फी भरायची राहिलीय ती कधी भरताय! इथला हॉल साधा आहे, रंग उडालाय, पण इथे हजेरीची वही आहे आणि मुख्य म्हणजे ती वही कोणीतरी वाचतं. सकाळची गर्दी स्थिरावली की को-ऑर्डिनेटर मॅडम वही घेऊन बसतात, नेहमी येणारा माणूस न कळवता आला नसेल तर त्याला फोन, त्याने उचलला नाही तर घरच्यांना, तेही नसतील तर शेजाऱ्यांना. शेजाऱ्याचा नंबर टाकल्याशिवाय ते फॉर्मच घेत नाहीत, मला तेव्हा हा जाच वाटला होता. एकट्या राहणाऱ्या एक काकू घरात पडून होत्या त्या या फोनमुळेच सापडल्या म्हणतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी दोन स्टार देऊन टाकले, बाकीचे दोन पुढे.

आणि तसं बघितलं तर अशी केंद्रं मुळात सुरूच यासाठी झाली. १९४३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात विल्यम हॉडसन (शहराच्या वेल्फेअर खात्याचे प्रमुख होते ते) यांच्या नावाने जे केंद्र निघालं ते अमेरिकेतलं पहिलं मानतात, आणि ते काढण्यात पुढाकार होता शहराच्या वेल्फेअर खात्यातल्या लोकांचा, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांशी ज्यांचा रोज संबंध यायचा त्यांचा. पत्ते, कॅरम हे सगळं निमित्त हो. जो माणूस येतोय त्याचं बरंच चाललेलं असतं, जो यायचा थांबला त्याचं काय हा खरा प्रश्न आहे.

आता व्यायामाचा वर्ग. बाकी ठिकाणी बघितलंय, हात वर हात खाली, टाळ्या वाजवा, झाला व्यायाम. इथे फिजिओथेरपिस्ट येतात आणि त्यांचा सगळा भर तोल सांभाळण्यावर. खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावर उभं राहायचं, मग एका बोटाने धरून, मग धरल्यासारखं करून. खुर्चीतून हाताचा टेका न घेता उठायचं आणि बसताना धप्पकन न बसता सावकाश बसायचं, हे दिसायला किरकोळ पण करून बघा म्हणजे मांड्या काय म्हणतात ते कळेल. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या सूचनांमध्येही ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय आणि वर तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम वेगळा, म्हणजे नुसतं फिरून भागत नाही.

नाव नोंदवताना त्यांनी बाबांची एक चाचणी घेतली ती मला फार आवडली. खुर्चीतून उठा, तीन मीटरवर जमिनीला पट्टी चिकटवलेली आहे तिथपर्यंत नेहमीच्या चालीने जा, वळा, परत या, बसा, आणि हे सगळं स्टॉपवॉच लावून. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. बाबांना जास्त लागले. चालणं ठीक होतं, सगळा वेळ वळण्यात जात होता, चार-पाच बारीक पावलं टाकून वळत होते, रोज घरात बघूनसुद्धा आमच्या कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मग नर्सबाईंनी बीपी घेतलं, तेही पाच मिनिटं गप्प बसवून, पाय जमिनीला टेकवून, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवून, आणि मग परत उभं करून. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला की डॉक्टरांना दाखवा म्हणतात, कारण रात्री उठून बाथरूमला जाताना चक्कर येते ती याच्यामुळेही असू शकते. बाबांना त्यांनी सांगितलं की सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, यादी नको, पिशवीच न्या. नेली, तर एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी चालू होतं! हे केंद्राचं काम आहे का तर नाही, पण केलं त्यांनी.

टॉयलेट मी स्वतः जाऊन बघितलं, तुम्हीही बघा, लाजू नका. धरायला दांड्या आहेत, भिंतीत पक्क्या बसवलेल्या, लोंबकळणाऱ्या नाहीत. दार बाहेर उघडतं, म्हणजे आत कोणी पडलं तर दार अडत नाही, आणि कडी बाहेरून नाण्याने फिरवता येते. रॅम्पपण नीट आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी हा जो हिशोब असतो तो पाळलेला दिसतो, नाहीतर बऱ्याच ठिकाणी नावाला रॅम्प, व्हीलचेअर वर ढकलायला दोन माणसं आणि उतरवताना देवाचं नाव.

मोबाईलचा क्लास चांगला आहे कारण शिकवणारी पोरं फोन स्वतःच्या हातात घेतच नाहीत. हात मागे बांधून उभी राहतात आणि तोंडाने सांगतात, कितीही वेळ लागू दे. घरी आम्ही काय करतो, द्या इकडे म्हणून दोन सेकंदात करून देतो आणि मग दुसऱ्या दिवशी परत तेच विचारलं की वैतागतो. ओटीपी मागणाऱ्या फोनची तर ते चक्क तालीम घेतात, एक पोरगा बँकेचा साहेब होतो आणि समोरच्याने फोन कट करायचा. आमच्या बाबांना कट करायला भारी संकोच, समोरच्याला वाईट वाटेल म्हणे. आता करतात.

आता जिथे माझं जमत नाही ते.

ऐकू येण्याचं यांनी काहीही केलेलं नाही. हॉलमध्ये आवाज घुमतो, पंखे घरघरतात, आणि माईकवर बोलणारे व्हॉल्यूम वाढवतात की झालं. अहो, वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, फ, थ असली अक्षरं गळतात, आवाज येतो पण शब्द लागत नाही. तिथे ओरडून काय उपयोग? सावकाश बोला, चेहरा समोर ठेवा, पंखा एक पॉइंट कमी करा, फुकटात होणाऱ्या गोष्टी आहेत. बाबा मागे बसले की नुसती मान हलवतात, आणि मान हलवली म्हणजे कळलं असं सगळे धरून चालतात. नोटीस बोर्डाचं तसंच, इतक्या बारीक अक्षरात कागद लावलाय की मलाच चष्मा काढून जवळ जावं लागलं.

व्हॅन आहे, पण फेरी एवढी लांब की पहिला चढणारा माणूस तासभर गावभर फिरतो. ड्रायव्हर मात्र सोन्यासारखा माणूस, उतरवलं की दार उघडून माणूस आत जाईपर्यंत गाडी हलवत नाही. मागून हॉर्न वाजले तरी नाही.

आणि सगळ्यात मोठी तक्रार, जिच्यामुळे पाचवा स्टार अडलाय. महिन्याचा कार्यक्रम कोण ठरवतं? चाळिशीतली चार-पाच माणसं ऑफिसात बसून. येणाऱ्यांपैकी एकही जण त्या समितीत नाही. बाबांनी आयुष्यभर कारखान्यात शिफ्टची शिफ्ट सांभाळली, मशिन दुरुस्त केल्या, आणि इथे त्यांना कागदाचे फुगे करायला बसवतात, वर खूप छान आजोबा म्हणून शाबासकी. त्यांनी विचारलं होतं की एक कोपरा द्या, हत्यारं माझी आणतो, लोकांचे बिघडलेले मिक्सर, इस्त्र्या बघतो. बघू म्हणाले, अजून बघतायत. डब्ल्यूएचओने २००७ मध्ये वयस्कर लोकांना सोयीचं शहर कसं असावं यावर मार्गदर्शिका काढली तेव्हा ३३ शहरांतल्या वयस्कर लोकांनाच बसवून विचारलं होतं. इथे एका हॉलपुरतंसुद्धा विचारायला जमत नाही? सूचनापेटी आहे म्हणतात, आहे, दाराच्या वर टांगलीय, हात पुरत नाही कोणाचा.

तरी नाव घाला असंच सांगेन. जाताना अकराच्या सुमारास जा, म्हणजे हजेरीचे फोन चालू असतात ते ऐकायला मिळतील, आणि आईवडिलांना सोबत न्या, त्यांच्या पाठीमागे ठरवू नका. पहिले काही दिवस बाबा नको म्हणत होते, आता रविवारी बंद असतं त्यावर कुरकुर करतात. मिक्सरच्या कोपऱ्यासाठी मी लेखी अर्ज दिलाय, काही झालं तर इथेच अपडेट टाकेन.