थोरला आणि चपळ: १८९४-९५ ची दोन इंजिने

म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी १८९४ मध्ये दुचाकी विकायला काढली, तिचं इंजिन होतं १,४८९ सीसीचं! दोन सिलिंडर, पाण्याने थंड होणारे. ताकद मात्र जेमतेम अडीच अश्वशक्ती, आणि फेरे मिनिटाला सुमारे २४०. पिस्टनचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले, अगदी रेल्वे इंजिनासारखे. म्हणजे मागचं चाकच क्रँक (पिस्टनची मागेपुढे हालचाल गोल फिरण्यात बदलणारा भाग) आणि तेच फ्लायव्हील (फिरणं एकसारखं ठेवणारं जड चाक). क्लच नाही, गिअर नाही. पिस्टन परत ढकलायला मदत म्हणून चक्क रबरी पट्टे! पाण्याची टाकी मागच्या मडगार्डमध्ये. तरी ही गाडी ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जायची, हे मान्यच करायला हवं.

पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये द दियाँ-बुताँ या कंपनीचं इंजिन आलं: एक सिलिंडर, सुमारे १३७ सीसी, हवेने थंड होणारं, अर्धी अश्वशक्ती. ऐकायला किरकोळ. पण हिशोब करा, दर सीसीमागे ताकद जर्मन इंजिनाच्या दुपटीहून जास्त.

गुपित ठिणगीत होतं. म्युनिकच्या गाडीत तापवलेल्या नळीने इंधन पेटायचं. पेट घेण्याची वेळ हवी तशी नेमता येत नसे. फ्रेंच इंजिनात मात्र कंपनीच्या जॉर्ज बुताँ यांनी बॅटरी, कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारं तारेचं वेटोळं) आणि ठरल्या क्षणी विजेचा संपर्क तोडणारा कॅम (फिरणारा उंचवटा) वापरला. त्यामुळे इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर आरामात चालायचं. हे इंजिन आधी तीनचाकीवर बसलं, मग अनेक कारखान्यांनी त्याची नक्कल केली.

माझं मत विचाराल तर पाहायला म्युनिकची गाडी, चालवायला फ्रेंच इंजिन.