उन्हाळ्यातलं आइस्क्रीम: बाहेरचं की घरचं?

मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला, की जेवण आटोपून फुटाळा तलावाला चक्कर अन् आइस्क्रीम, हे नागपुरात ठरलेलंच. दिनशॉज आइस्क्रीमवाले तर इथलेच, 1932 पासूनचे. बाहेरच्याचा पोत घरी येत नाही. यंत्र मिश्रण गोठवतानाच घुसळून त्यात हवा भरतं, म्हणून ते हलकं लागतं. पाकीट मात्र वाचा. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल, तर दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं.

घरच्या फ्रीजरमध्ये दूध सावकाश गोठतं, बर्फाचे खडे दाताखाली येतात. म्हणून दूध निम्मं आटवायचं, साय घालायची, अर्धवट गोठलं की मिक्सरमधून काढून पुन्हा ठेवायचं. साखरेत फार काटकसर केली, की दगड होतो! संत्र्याचा रस गरम दुधात नको, फाटेल. मिश्रण थंडगार झाल्यावरच घाला. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारी, संत्री मार्चमध्ये मिळतात, तेव्हाच रस गोठवून ठेवलेला बरा. हाताने फिरवायचा पॉट असेल तर मजाच न्यारी: बर्फात खडेमीठ पडलं की तापमान शून्याखाली उतरतं, अन् हँडलसाठी पोरांची भांडणं सुरू.

पाहुणे अचानक टपकले, तर सरळ फॅमिली पॅक आणा. संत्र्याचं मात्र मी घरचंच खाते.