एसट्रेस: फाइल का उघडत नाही ते सांगणारं फुकटचं हत्यार

सी भाषेत फाइल उघडणाऱ्या एफओपननं नल दिला, म्हणजे फाइल उघडलीच नाही, की बहुतेक जण कोडकडेच टक लावून बसतात. चूक मात्र बऱ्याचदा नावात, फोल्डरमध्ये नाहीतर परवानगीत असते. लिनक्सवर ती पकडायची तर एसट्रेस. उबुंटूवर ॲप्टनं बसतं, प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागत नाही. प्रोग्रॅम कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) काय मागतो आणि त्याला काय उत्तर मिळतं, ते हे ओळीओळीनं छापतं.

नुसतं चालवलंत तर लायब्रऱ्या लोड होण्याच्या ओळींतच हरवाल. मायनस ई देऊन ओपनॲट (फाइल उघडणं), रीड, राइट, क्लोज एवढंच मागा आणि मायनस ओनं सगळं वेगळ्या फाइलीत घ्या. मायनस वाय जोडलंत तर डिस्क्रिप्टर ३ (उघड्या फाइलीला कर्नलनं दिलेला क्रमांक) म्हणजे नेमकी कुठली फाइल, तेही पाथसकट कळतं.

ईनोएंट (अशी फाइल किंवा फोल्डर नाही) आला तर अवतरणातलं नाव अक्षरन्‌अक्षर वाचा. ओळ वाचणाऱ्या एफगेट्सनं नाव घेतलं असेल तर शेवटी बॅकस्लॅश एन दिसेल, म्हणजे एंटर नावालाच चिकटलाय. प्रिंटएफ केल्यावर तो सहज नजरेतून सुटतो, इथे उघडा पडतो. स्ट्रसीस्पननं कापून टाका. नाव चोख असेल तर प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमधून चालतोय ते बघा. आयडीई (कोड लिहून चालवायची साधनं) अनेकदा भलत्याच ठिकाणाहून चालवतात. ईॲक्सेस (परवानगी नाही) असेल तर फाइलीबरोबर वरच्या प्रत्येक फोल्डरची परवानगीही तपासा.

लिहिलेलं गायब होतं तेव्हा तर याची खरी मजा. फाइलीत लिहिणारं एफप्रिंटएफ झालंय, पण राइटची ओळच नाही, आणि खाली सिगसेगव्ही (चुकीच्या मेमरीला हात लावल्यानं क्रॅश)! मजकूर बफरमध्येच, म्हणजे राइट होण्याआधी तो साठतो त्या मेमरीतल्या जागेतच होता (साधारण ४०९६ बाइट), क्रॅशबरोबर गेला. जुना डेटा उडाला असेल तर ओपनॲटमध्ये ओ-ट्रंक शोधा: डब्ल्यू मोडनं फाइल उघडताक्षणीच रिकामी केली.

शेवटची नोंद दोनदा येते, ती ‘फाइल संपली का’ विचारणाऱ्या फीओएफ लूपची चूक मात्र यात सापडणार नाही. रीड शून्य परततो, एवढंच दिसतं. एफस्कॅनएफनं किती मूल्यं वाचली ते तुम्हीच तपासायचं. एसट्रेसची मजकूर ३२ अक्षरांवर तोडायची सवयही वैताग आणते, मायनस एसनं वाढवा. प्रोग्रॅम बराच मंदावतो. विंडोजवाल्यांनी प्रोसेस मॉनिटर घ्यावा. विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल २ मध्ये एसट्रेस चालतं, पण विंडोजसाठी बनवलेल्या ईएक्सईच्या आत ते डोकावू शकत नाही.