वडगाव बाजारातला दलाल : काम एक नंबर, टायमाचा पत्ता नाही

पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात म्हस घ्यायला गेलतो, पाव्हण्यांनी एक दलाल गाठून दिला. माणूस लई तयारीचा, तीसेक वर्षं हेच काम, पोरगा असताना बापामागं दावं धरून फिरायचा म्हणे. चारी सडांची धार स्वतः काढून बघितली, दात बघितले, आणि हेडी (जनावरांचा व्यापारी) तिसरं वेत, म्हंजे तिसऱ्यांदा व्यालेली म्हणत होता ती म्हस पाचव्याची हाय हे शिंगावरच्या वळ्या मोजून तोंडावर सांगितलं. मग टॉवेलाखाली हात घालून बोटं धरत भाव, आपण नुसतं तोंडाकडं बघत बसायचं! साडेचार हजार तोडलं राव. फक्त गडी दीड तास उशिरा आला आणि दलाली आधी ठरली नव्हती त्यामुळं शेवटी आमच्यातच घासाघीस, तेवढं पहिलं बोलून घ्या.