अंगणात ब्रह्मा की गावरान?

पायांच्या बोटांपर्यंत पिसं असलेली ब्रह्मा कोंबडी पाहिली की कुणीही हरखतं. नाव ब्रह्मपुत्रा नदीवरून आलं असलं तरी ही जात घडली अमेरिकेत, १८५० च्या सुमारास, चीनच्या शांघाय बंदरातून गेलेल्या पक्ष्यांपासून. कोंबडा पाच किलोच्या आसपास भरतो. स्वभाव इतका शांत, की लेकरांनी उचलून घेतली तरी चोच मारत नाही. उडताही फारसं येत नाही. कमरेएवढी जाळी पुरते. गावरान मात्र दिवस मावळला की लिंबाच्या फांदीवर.

खरा प्रश्न आपल्या उन्हाचा आणि मातीचा. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. कोंबडी तुऱ्यातून अंगातली उष्णता बाहेर टाकते, आणि ब्रह्माचा तुरा अगदी बारका, वर पिसांचं दाट पांघरूण. दुपारी सावली, ओलं गोणपाट आणि गार पाणी नसेल तर ती दगावते. पावसाळ्यात काळी माती पायांच्या पिसांना चिकटून गोळे होतात, ओलीनं पाय खराब होतात. मी खुराड्यापुढं मुरूम टाकला, तेव्हा कुठं पाय कोरडे राहिले. गावरानला सावली-पाणी सोडलं तर यातलं काही लागत नाही.

ब्रह्मा वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी देते, गावरान साठ-सत्तर. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस दोघींनाही हवीच.

माझं मत: दिवाळीनंतर दोन ब्रह्मा आणा, पण अंडी उबवायला खुडूक गावरानच बसवा. ब्रह्माच्या वजनाखाली अंडी फुटू शकतात.