आईच्या ऑपरेशननंतर तीन महिने रोज संध्याकाळी सात ते रात्री दहापर्यंत मराठी मालिका बघितल्या, त्याचा रिव्ह्यू

जुलैमध्ये आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी लॅपटॉप घेऊन तीन महिने साताऱ्याला तिच्याकडे राहायला गेले. दिवसभर फिजिओ, गोळ्या, बर्फाची पिशवी, आणि संध्याकाळचे सात वाजले की टीव्ही. माझ्या पुण्याच्या घरी केबल नाही, गेल्या सात-आठ वर्षांत मी एकही मालिका सलग बघितली नव्हती. इथे मात्र रोज सात ते दहा, रविवारचे महाएपिसोड धरून सगळं बघितलं, कधी भाजी निवडत, कधी आईचे पाय चेपत. त्यामुळे हा रिव्ह्यू एका मालिकेचा नाही, मराठी डेली सोप ही जी रोज घरपोच मिळणारी सर्व्हिस आहे ना, तिचा आहे.

आधी चांगलं सांगते कारण ते फारसं कुणी सांगत नाही. मोठ्या ऑपरेशननंतर दुखण्यापेक्षा वेळ न जाणं जास्त छळतं. आईचं देवळात जाणं बंद, भिशी बंद, जिना उतरायचा नाही, शेजारच्या काकू येऊन बसून जायच्या तेवढंच. पण संध्याकाळी तिच्याकडे ठरलेल्या वेळेला माणसं यायची, तीच माणसं, कालच्या भांडणासकट. वेब सिरीज मीही बघते, आवडतात मला, पण आठ-दहा भाग दोन रात्रीत संपतात आणि मग पुढच्या सीझनची एक-दोन वर्षं वाट बघायची. मालिका उद्याही असते, आजारी माणसाला ही फार मोठी गोष्ट आहे. फिजिओच्या मॅडमनी पलंगावर टाच सरकवत गुडघा वाकवायचा व्यायाम दिला होता, तो आई दुपारी करायला कंटाळायची पण रात्री जाहिराती लागल्या की आपोआप सुरू, एका ब्रेकला पंधरा वेळा. ब्रेक संपला की पाय सरळ आणि आवाज मोठा. तिचा गुडघा नव्वद अंशात वाकायला लागला त्यात या ब्रेकचा वाटा आहे असं मी कुणालाही सांगेन.

आता मालिकांबद्दल. आमच्या घरात हे सगळं दूरदर्शनवरच्या दामिनीपासून आहे आणि मग १९९९ ला अल्फा मराठी, म्हणजे आताचं झी मराठी, आलं तेव्हा आभाळमाया. त्यातली सुधा जोशी, सुकन्या कुलकर्णींची, प्राध्यापिका होती, कमावती, नवऱ्याचं बाहेर प्रकरण आणि ती पोरींना घेऊन उभी. मी तेव्हा कॉलेजला होते आणि जेवणं त्या वेळेनुसार पुढेमागे व्हायची. बरोबर वीस वर्षांनी, डिसेंबर २०१९ ला, स्टार प्रवाहवर आई कुठे काय करते सुरू झाली. तिथेही नवऱ्याचं प्रकरणच, पण अरुंधती घर सांभाळणारी, स्वतःचं असं काही न केलेली बाई. मला हा फरक खूप बोलका वाटतो. १९९९ ला चॅनलनं नोकरी करणाऱ्या बाईपासून सुरुवात केली आणि २०१९ ला तिला परत स्वयंपाकघरातून सुरू करावं लागलं. तरी मधुराणी प्रभुलकरांनी ती बाई अशी केली की आमच्या आईनं सुरुवातीचं वर्षभर एक भाग सोडला नाही. नंतर घटस्फोट, दुसरं लग्न, तो दुसरा नवराही गेला, प्रत्येक वेळी अरुंधती नव्यानं उभी राहायची आणि प्रत्येक वेळी कथा तिला त्याच समृद्धी बंगल्यात ओढून आणायची. नोव्हेंबर २०२४ ला संपली तेव्हा आईला वाईट नाही वाटलं. म्हणाली, बरं झालं बाई, दमली होती ती. पाच वर्षं रोज भेटलेल्या माणसाबद्दल असं वाटावं याचं मला खरंच वाईट वाटतं कारण दोनेक वर्षांत संपली असती तर ती अरुंधती लोकांनी जन्मभर लक्षात ठेवली असती.

ही गोष्ट मुळात बंगालीतली, श्रीमोयी नावाची, आणि त्याच मुळावरून २०२० ला हिंदीत अनुपमा आली. ठरलं तर मग तमिळच्या रोजावरून, रंग माझा वेगळा मल्याळमवरून, लक्ष्मी निवास कन्नडवरून. रिमेक करण्यात काही पाप नाही, गोष्ट चांगली असेल तर कुठूनही यावी. चॅनलचं गणितही कळतं, एका भाषेत टीआरपी मिळालेली गोष्ट दुसऱ्या भाषेत उचलली की धोका कमी. पण मग काय होतं तर गोष्ट कुठल्याच गावची राहत नाही. ठाण्याच्या घोडबंदर रोडला नाहीतर मढच्या बंगल्यात सेट लागतो, मोठा जिना, मधे सोफा, मागे देवघर, आणि ते घर नाशिकचं म्हणा, सांगलीचं म्हणा, काही फरक पडत नाही. २०१६ ला झी मराठीवर याच्या उलट झालं होतं. रात्रीस खेळ चाले सावंतवाडीजवळ आकेरीला वाड्यात शूट केली, माणसं मालवणी बोलायची. तुझ्यात जीव रंगला कोल्हापूरच्या वसगड्यात, तालीम, लाल माती, राणादाची ती रांगडी बोली. लोक गाड्या करून ते वाडे बघायला गेले. एवढं प्रेम घोडबंदरच्या कुठल्या सेटला मिळालंय? खर्च जास्त येतो, कलाकारांना महिनोन्महिने घर सोडून राहावं लागतं, मान्य आहे, पण मराठी मालिकेला मराठीपण कुठून येतं याचं उत्तर त्या दोन मालिकांनी दिलं होतं आणि ते आता बाजूला पडलंय.

आता लांबणीबद्दल, कारण माझी मुख्य तक्रार तीच आहे. एका रात्री मी मोबाईलवर टायमर लावून बसले, मालिकेचं नाव सांगत नाही. अर्ध्या तासाचा स्लॉट. कालच्या भागाची उजळणी दीड मिनिटाच्या वर, जाहिराती सगळ्या मिळून नऊ मिनिटं, शेवटी उद्याची झलक. गोष्टीला उरली अठराएक मिनिटं. त्या अठरामध्ये घडलं काय तर नायिकेच्या हातात एक खाकी पाकीट आलं. पाकीट, तिचा चेहरा, सासूचा चेहरा, जिन्यावरून बघणाऱ्या जावेचा चेहरा, परत पाकीट, आणि प्रत्येक चेहऱ्यावर तोच आवाज. सोमवारी आलेलं पाकीट गुरुवारी उघडलं आणि त्यात कोरा कागद. आई तेव्हा काही बोलली नाही, नुसता रिमोट उलटा करून पलंगावर ठेवला. तिचा तो हात मला विसरता येत नाही कारण तिनं चार दिवस त्या पाकिटाचा विचार केला होता, माझ्याशी चर्चा केली होती, मृत्युपत्र असणार असा तिचा अंदाज होता. बघणाऱ्यानं एवढं मन घातलेलं असताना त्याच्या हातात कोरा कागद देऊ नये.

यात लेखकांना दोष देणं सोपं आहे, पण मला तसं वाटत नाही. रोज एक भाग टेलिकास्टला द्यायचा, हाताशी तयार भागांची बँक चार-पाच दिवसांची, बारा-बारा तासांच्या शिफ्ट, पैसे बऱ्याचदा नव्वद दिवसांनी. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि आकडा घसरला की ट्रॅक बदला, चढला की तोच ट्रॅक ताणा. म्हणजे पडलं तरी गोष्ट मोडते आणि चाललं तरी मोडते. ठरलं तर मग हे चाललेल्या मालिकेचं उदाहरण. डिसेंबर २०२२ ला सुरू झाली, टीआरपीत सतत वरच्या नंबरला, जुई गडकरी आणि अमित भानुशाली दोघंही मनापासून काम करतात, सायली-अर्जुनचं कॉन्ट्रॅक्ट मॅरेज हळूहळू खरं होतं तो काळ मी नंतर मोबाईलवर मागे जाऊन बघितला आणि फार गोड आहे तो. पण सायलीला वाढवणाऱ्या मधुभाऊंची केस दोन वर्षांच्या वर चालली, आणि सायली हीच खरी तन्वी, घरातली लहानपणी हरवलेली मुलगी, हे आपल्याला माहीत पण घरातल्यांना शेकडो भाग कळलंच नाही. आई वैतागते आणि बघते. चॅनलवाले त्यातलं बघते तेवढंच मोजतात, वैताग मोजायला मीटर नाही.

ताणायची सवय जुनी आहे, हेही खरं. चार दिवस सासूचे २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांच्या वर भाग, आणि आईनं ती सगळी बघितली, मध्ये माझं लग्न झालं, बाळंतपण झालं तरी. पण तेव्हा तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. आता तिच्या हातात मोबाईल आहे. दीड-दोन मिनिटांच्या उभ्या व्हिडिओतल्या गोष्टी तिच्या फोनवर आपोआप येतात, पहिल्या वाक्यात थोबाडीत, तिसऱ्या वाक्यात घटस्फोट. एकदा तिनं सलग अकरा बघितल्या आणि मला म्हणाली, यांना निदान लवकर काय ते होतं. माझ्या मते मालिकांना खरी भीती इथे आहे. पाकीट गुरुवारी उघडणारी मालिका आणि पाकीट आठव्या सेकंदाला उघडणारा व्हिडिओ यात सत्तरीची बाईसुद्धा दुसरं निवडायला लागली आहे. मालिका त्यांच्याशी वेगात स्पर्धा करायला गेली तर हरणारच. तिच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही, रोजची ओळख. ती जपायची तर गोष्ट संपवायचं धाडस पाहिजे.

आणि हे मराठीत होऊन गेलेलं आहे, म्हणून मला आशा आहे. एका लग्नाची दुसरी गोष्ट २०१२ ला सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली, मुक्ता बर्वे, स्वप्नील जोशी, सतीश राजवाडेंचं दिग्दर्शन, आजही लोक तिचे तुकडे एकमेकांना पाठवतात. त्याच वर्षी उंच माझा झोका आली, रमाबाई रानडेंची गोष्ट, प्राइम टाइमला एक बाई अक्षर ओळखायला शिकते हे लोकांनी रोज बघितलं, दीडेक वर्षात पूर्ण झाली. माझी मागणी एवढीच आहे की पहिल्या प्रोमोतच सांगा, ही मालिका दोनशे भागांची, किंवा अडीचशे. लेखकाला शेवट माहीत असेल, कलाकाराला आपण कुठे पोचणार ते माहीत असेल, आणि आईसारख्या माणसाला कळेल की तिचा वेळ कुणीतरी मोजून घेतला आहे. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी नोव्हेंबर २०२४ पासून एकाच कंपनीखाली आहेत, असा प्रयोग एका चॅनलच्या एका स्लॉटला करून बघायला अशा मोठ्या घराला जड जाऊ नये. दुपारचे स्लॉट तर त्यासाठी फारच चांगले आहेत.

ॲपबद्दल थोडक्यात. मागचे भाग बघायला मी एका ॲपचं पेड सबस्क्रिप्शन घेतलं, तरीही जाहिराती होत्याच, एका भागात तीच जाहिरात चार वेळा, आणि भाग जिथे थांबवला तिथून पुढे सुरू व्हायच्या ऐवजी परत पहिल्यापासून. आईला तर सर्चमध्ये मराठीत टाईप करता येईना. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी केबल किंवा डिश सोडू नका, रिमोटवरचा एक नंबर पाठ असणं ही त्यांच्यासाठी खरी सोय आहे. वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊ नका, महिन्याचं घेऊन बघा.

स्टार द्यायचे तर सोबतीसाठी पाचपैकी पाच. कलाकारांच्या कामाला चार. गोष्टीला दोन, आणि ते दोनही जिथे माणसं शांत बसून एकमेकांशी नीट बोलतात त्या सीनसाठी, असे सीन रोज एखादा तरी असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये ज्योती चांदेकर गेल्या, ठरलं तर मगमधल्या पूर्णाआजी. आईनं सकाळी मोबाईलवर बातमी वाचली आणि संध्याकाळपर्यंत विषय काढला नाही. मालिकेच्या वेळेला टीव्ही लावला, चष्मा पुसला, म्हणाली, माझ्याच वयाच्या आसपासच्या ना गं. त्या दिवशी ब्रेकमध्ये व्यायाम केला नाही तिनं आणि मीही आठवण केली नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी पुण्याला परत आले. आई आता काठी घेऊन खालच्या दुकानापर्यंत जाते. रात्री ब्रेक लागला की तिचा फोन येतो, दोन मिनिटात काय झालं ते सांगते आणि ब्रेक संपला की ठेवते. पूर्णाआजींच्या जागी रोहिणी हट्टंगडी आल्या तेव्हा ब्रेकची वाटसुद्धा बघितली नाही, मागे टीव्हीचा आवाज तसाच चालू आणि ही ओरडून सांगतीये, "अगं, आपली आशालता आली, चार दिवस सासूचेतली, अगं लाव ना तू पण लवकर."