मासळीच्या गाड्यांना आवर मीटर: सात महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी भरणाऱ्या चार शीतपेटीच्या पिकअपना नोव्हेंबरात दोन वायरींचे साधे आवर मीटर, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते मोजणारे मीटर, बसवले. मेअखेर सात महिने झाले. खर्च किरकोळ, फायदा मोठा. पण मीटरची वायर कुठे जोडली यावर सगळं आहे.

या गाड्यांच्या शीतपेटीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. बोट लागेपर्यंत, लिलाव आटपेपर्यंत गाडी जाग्यावर चालूच. किलोमीटर शून्य, इंजिनाची झीज मात्र सुरू. नुसत्या आयडलिंगला, म्हणजे जाग्यावर इंजिन चालू ठेवल्याने, सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑईलमध्ये उतरतं. नव्या प्रदूषण नियमांच्या बीएस-६ गाडीत डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या गाळणीत, काजळी साठते. ती जाळायला गाडी जादा डिझेल सोडते, त्यातलंही थोडं ऑईलमध्येच जातं. डिपस्टिकवर (ऑईल मोजायच्या पट्टीवर) पातळी चढलेली दिसली आणि बोटावरच्या ऑईलला डिझेलचा वास आला, तर किलोमीटर न बघता ऑईल बदला.

हिशोब असा. आयडलिंगचा १ तास म्हणजे साधारण ४० किमी धरायचे. दर शनिवारी किमी आणि तास दोन्ही वहीत लिहायचे. समजा आठवड्यात ९०० किमी आणि ५२ तास झाले. घाटरस्त्याला सरासरी ताशी ३० धरली तर चालण्याचे ३० तास, उभ्याचे २२. २२ गुणिले ४० म्हणजे ८८०. गाडी खरी १,७८० किमी वापरली गेली. १०,००० किमीची ऑईल बदली ओडोमीटरवर बाराव्या आठवड्यात दिसते, प्रत्यक्षात ती सहाव्यातच करायला हवी. ऑईल फिल्टर सोबतच बदलायचा. कॉम्प्रेसरचा पट्टाही तासांवरच बघा, कारण गाडी उभी असली तरी तो फिरतच असतो.

आता जोडणी. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. लाल वायर इग्निशनवर दिली की नुसती चावी फिरवून गाणी ऐकली तरी तास चढतात. ती अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) डी प्लस टर्मिनलवर द्या, मध्ये छोटा फ्यूज टाका. इंजिन फिरलं तरच मीटर मोजतो. नव्या काही गाड्यांना डी प्लस नसतं, तिथे इलेक्ट्रिशियनला विचारल्याशिवाय वायर कापू नका. अशा बऱ्याच गाड्यांचे इंजिन तास वर्कशॉपच्या स्कॅनरवर दिसतात. रीसेटचं बटण असलेला मीटर घेऊच नये. काळी वायर चॅसीला लावताना रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, नट आवळल्यावर वरून ग्रीस. बर्फाचं खारं पाणी पेटीतून गळतं तिथून वायर नेऊ नका. एका गाडीत तिथलाच सांधा हिरवा पडून मीटर बंद झाला. सांध्यावर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी) हवीच, नुसती टेप खाऱ्या हवेत सुटते.

उणीव एकच: मीटर चालण्याचे आणि उभ्याचे तास वेगळे दाखवत नाही, वजाबाकी आपणच करायची.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, गाड्या उभ्या राहतात आणि मीटर फारसा हलत नाही. तेव्हा तारखेवर चालायचं. उभी करण्याआधी ऑईल बदला, बॅटरीची निगेटिव्ह काढा, हँडब्रेक सोडून चाकाला ओंडका लावा. रोज पाच मिनिटं चालू करून बंद करणं टाळा, त्याने ऑईलमध्ये पाणी आणि डिझेलच वाढतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा निगेटिव्ह लावून २० किमी फिरवून आणा. ऑगस्टच्या पहिल्या खेपेआधी मीटरचं अर्थिंग, म्हणजे काळ्या वायरचा चॅसीवरचा जोड, पुन्हा घासा, पावसात गंज आधी तिथेच धरतो.